शटर अर्धं खाली आल्यावर: फास्ट फूडच्या काउंटरवर कुणी खेकसलं तर काय करायचं

रात्रीचे दहा चाळीस. दारावर लिहिलंय अकरा. तुम्ही आत शिरता तर निम्म्या खुर्च्या टेबलांवर उलट्या चढलेल्या, फरशीला फिनाइलचा वास, आणि काउंटरमागचा मुलगा तुमच्याकडे न बघताच म्हणतो, "फक्त पार्सल. फ्राइज नाही, शेक नाही. लवकर सांगा." तुम्ही म्हणता, अजून वीस मिनिटं आहेत ना? त्यावर तो मागे वळून जोडीदाराला काहीतरी पुटपुटतो आणि दोघं हसतात.

ते हसणं डोक्यात जातं. बर्गर मिळाला नाही याचं दुःख घरी जाऊन मॅगी केली की विरतं, पण हसणं दोन दिवस टोचत राहतं.

मी या काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलोय. कॉलेजात असताना ठाण्यातल्या एका फास्ट फूडच्या दुकानात दीड वर्ष 'क्लोजिंग' केलं, म्हणजे संध्याकाळी येऊन रात्री दुकान बंद करून जाणारी पाळी. त्या दीड वर्षात काही गिऱ्हाइकांशी मी स्वतः नीट वागलो नाही, हे आधीच कबूल करतो. आता ऑफिसातून उशिरा सुटून मीच पावणेअकराला काच ढकलून आत जातो, आणि कधीकधी तेच खेकसणं माझ्या वाट्याला येतं. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं मत असं झालंय की यातली बहुतेक भांडणं माणसाशी नसतातच, दारावर लिहिलेल्या वेळेशी असतात. ती वेळ अर्धवट खरी असते. तक्रार करायची तर तिची करा. त्या मुलाची तक्रार करायची वेळही येते, पण कधी, ते पुढे सांगतो.

आधी हे समजून घ्या: 'अकराला बंद' म्हणजे काय बंद?

गिऱ्हाइकाला एकच घड्याळ दिसतं. आत निदान तीन चालू असतात.

एक स्वयंपाकघराचं. हे सगळ्यात आधी थांबतं. शेक आणि सॉफ्टीचं मशीन आधी बंद होतं, कारण त्याचे सुटे भाग काढून, धुऊन, निर्जंतुक करून वाळवायला बराच वेळ लागतो. भाग एकदा टबात पडले की कुणी कितीही गोड बोललं तरी शेक मिळत नाही. म्हणून "मशीन बंद आहे" हे उत्तर दर वेळी थाप नसतं. मग फ्रायर. दोन-तीन भांडी असतील तर एक-एक करत बंद करतात, शेवटी एकच चालू ठेवतात. तळायचं तेल साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसला असतं. ते गाळायला काढलेलं असताना कुणी 'एक लार्ज फ्राइज' म्हटलं, तर ते तेल परत भरायचं, परत तापवायचं आणि परत गाळायचं. त्या एका पुड्यामागे पाऊण तास जातो. तव्याचंही तसंच: एकदा खरवडून, पुसून कोरडा केला की त्यावर पुन्हा पॅटी टाकणं म्हणजे नुकत्याच सारवलेल्या अंगणात चिखलाचे पाय.

दुसरं घड्याळ बिलाच्या मशीनचं. दिवसाचा हिशेब बंद केला, ज्याला दुकानात 'डे क्लोज' म्हणतात, की त्या तारखेला बिल फाडता येत नाही आणि बऱ्याच ठिकाणी परतावाही टाकता येत नाही. गल्ला मोजायचा, उरलेल्या पाव-पॅटींची 'वेस्टेज'मध्ये नोंद करायची, फ्रीजरचं तापमान वहीत लिहायचं, हे सगळं त्याच अर्ध्या तासात.

आणि तिसरं घड्याळ गाडीचं. आमच्यातले निम्मे अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळ्याचे. शेवटची लोकल चुकली तर पहाटेपर्यंत फलाटावर बसायचं, नाहीतर चौघांनी मिळून रिक्षा करायची, म्हणजे दिवसाच्या मजुरीतला मोठा तुकडा गेला. आमच्या दुकानात साडेअकरानंतर कितीही थांबलं तरी ते कागदावर चढत नसे. दहा पंचावन्नला आत आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक आमच्या खिशातून काहीतरी घेऊन जात असे. त्याला बिचाऱ्याला ते ठाऊकही नसायचं.

याने उद्धटपणा माफ होत नाही. पण राग कुठून येतो हे माहीत असलं की तो आपल्यावर नाही हे कळतं, आणि निम्मं काम तिथेच होतं.

कायद्याचं म्हणाल, तर महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांचा २०१७ चा कायदा त्या वर्षीच्या डिसेंबरात लागू झाला. त्याने आठवड्याचे सातही दिवस आणि रात्री उशिरापर्यंत धंदा चालवण्याची वाट बरीच मोकळी केली. मुंबईत २०२० च्या जानेवारीत मॉल आणि काही आवारांतली खाण्याची ठिकाणं रात्रभर उघडी ठेवायचा प्रयोगही झाला. म्हणजे दारावरची अकराची वेळ बहुतेक वेळा मालकाने, कंपनीने किंवा मॉलने ठरवलेली असते. पण दहा पंचावन्नला पूर्ण मेनू मिळालाच पाहिजे असा सरळ नियमही नाही. तुमचं भांडण इथे हरतं. जिंकतं कुठे, ते पैशांच्या भागात येईल.

आत जाताना

काच ढकलायच्या आधी पाच सेकंद आत बघा. खुर्च्या वर चढल्यात का? कुणी पोछा मारतंय का? पेयाच्या मशीनचे नळ काढून ठेवलेत का? यातलं काहीही दिसलं तर बसून खायचा विचार सोडा.

ऑर्डरसाठी मोठा पडदा, म्हणजे किऑस्क असेल तर बंदच्या आधीच्या अर्ध्या तासात त्याला हात लावू नका. त्या पडद्याला फ्रायर बंद झाल्याचं कुणी सांगितलेलं नसतं. तो खुशाल तुमच्याकडून फ्राइजचे पैसे घेतो आणि मग 'नाही' म्हणायची पाळी काउंटरवरच्या मुलावर येते. मी पाहिलेली यातली सगळ्यात वाईट भांडणं पैसे गेल्यानंतरची आहेत.

थेट काउंटरवर जा आणि एवढंच विचारा:

"दादा, लास्ट ऑर्डर घेताय ना? आत्ता काय काय चालू आहे?"

मुलगी असेल तर ताई म्हणा, वयाने मोठी बाई असेल तर मावशी. हे वाक्य साधं दिसतं, पण त्यात दोन गोष्टी एकदम होतात: उशीर झालाय हे तुम्हाला कळतंय असं समोरच्याला समजतं, आणि निवड त्याच्या हातात जाते. "जे तयार असेल ते चालेल" असं म्हणणारं गिऱ्हाईक आलं की आमच्याकडे त्याच्या पिशवीत सॉसच्या चार पुड्या जास्त पडत. उलट, "कांदा काढा, चीज डबल, पाव जरा कडक" हे सगळं दिवसा चालतं. पावणेअकराला त्यासाठी नव्याने सगळं बाहेर काढावं लागतं. ट्रेमध्ये तयार असलेलं मागा, पार्सल मागा, आणि चौघांचं वेगवेगळं सांगायचं असेल तर दारातच ठरवून या. मागे वळून "ए पिंट्या, तुला काय रे?" विचारणाऱ्या काकांबद्दल आत काय बोललं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणखी एक. आपण पुष्कळदा सुरुवातच "ए, इकडे बघ" अशी करतो आणि उत्तरात 'अहो'ची अपेक्षा ठेवतो. समोरचा एकोणीस वर्षांचा असला तरी 'तुम्ही' म्हणा. फुकट आहे.

खेकसलाच तर: आधी ठरवा, हे कुठलं आहे

सगळा उद्धटपणा एका मापाचा नसतो. सगळ्याला एकच उत्तर दिलं की आपलंच हसं होतं.

पहिला प्रकार दमलेल्याचा. न बघता बोलणं, तुटक वाक्यं, उसासा, ट्रे जरा जोरात ठेवणं. काउंटरमागचे कितीतरी जण झारखंड, आसाम, नेपाळहून आलेले असतात. त्यांच्या मोडक्या हिंदीतलं "नहीं मिलेगा" आपल्या कानाला उर्मट लागतं. ती पुष्कळदा उर्मटपणापेक्षा शब्दांची टंचाई असते. यावर काही करू नका. खाणं घ्या, निघा. भाषेचा वाद उकरून काढायला रात्री पावणेअकराची वेळ चांगली नाही, आणि दारावर वेळेची पाटी लावणारा माणूस काउंटरवर नसतो.

दुसरा प्रकार टोमण्याचा. "घरी जेवण नाही का करत?", "एवढ्या रात्री कुठून येतात", तो हसण्याचा प्रसंग. इथे एकदाच, आवाज न चढवता बोला. मला उपयोगी पडलेलं वाक्य: "तुम्ही दमलाय हे दिसतंय. ऑर्डर घेत नसाल तर तसं सांगा, मी जातो. पण असं बोलू नका." आणि मग गप्प. हे गप्प राहणं सगळ्यात अवघड. आपल्याला पुढचं वाक्य सुचलेलं असतं, आणि बहुतेक वेळा तेच पुढचं वाक्य भांडण आपल्या अंगावर ओढवून घेतं. 'मी कोण आहे माहीत नाही तुला' आणि 'उद्या नोकरीवर राहणार नाहीस' ही दोन वाक्यं तोंडातून गेली की तुमची बाजू संपली. मॅनेजर लगेच आपल्या मुलाच्या बाजूने उभा राहतो. राहायलाच हवं.

तिसरा प्रकार अडवणुकीचा: पैसे घेतले पण वस्तू दिली नाही, बिल द्यायला नकार, परतावा द्यायला नकार, दार बंद करून आत असलेल्यांना घाई करून बाहेर काढणं. इथे बोलण्याची पट्टी महत्त्वाची नाही, काय घडलं ते महत्त्वाचं. याची नोंद करा.

चौथा शिवीगाळीचा, धमकीचा, अंगावर येण्याचा, बाईला अचकट-विचकट बोलण्याचा, किंवा जात-धर्म काढून हिणवण्याचा. इथे बर्गर विसरा. बाहेर पडा, उजेडात आणि माणसांत जा, गरज वाटली तर ११२ लावा. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम ३५१, शांतता बिघडेल असा मुद्दाम अपमान करण्यासाठी ३५२ आणि स्त्रीच्या विनयाला धक्का देणाऱ्या शब्द-हावभावांसाठी ७९ आहे. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कुणाला उपाहारगृहात मज्जाव करता येत नाही, हे तर राज्यघटनेच्या कलम १५ मध्येच लिहिलंय. ही बाब 'कस्टमर केअर'ला मेल करून मिटवायची नसते.

चारांपैकी पहिला प्रकार सर्रास भेटतो आणि चौथा क्वचित. पण पहिल्याला चौथ्यासारखं उत्तर देणारी माणसं मी काउंटरमागून भरपूर पाहिली आहेत.

मॅनेजर मागायचा तर असा

रात्री दुकानात 'स्टोअर मॅनेजर' सहसा नसतो, तो सकाळचा माणूस. असतो तो शिफ्ट मॅनेजर, आणि तो बहुधा आत गल्ला मोजत बसलेला असतो. मोजणी मधेच सोडून उठला तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून "मॅनेजरला बोलवा!" असं ओरडल्यावर दहा मिनिटं कुणी येत नाही, आणि आपल्याला वाटतं लपवतायत.

"शिफ्टला कोण आहे? त्यांचं काम झालं की दोन मिनिटं बोलायचंय" असं म्हणा आणि बाजूला उभे राहा. रांगेत नाही, बाजूला. रांगेत तमाशा झाला की मॅनेजरला आधी रांग हलवायची असते, तुमचं ऐकायचं नसतं. तो आला की हकीकत तीन वाक्यांत सांगा: किती वाजता आलो, काय सांगितलं, काय झालं. मग काय हवंय ते. 'सॉरी म्हणायला लावा' ही मागणी मी करत नाही. सगळ्यांसमोर म्हणायला लावलेली सॉरी ऐकणाऱ्यालाही कडू लागते. पैसे परत हवेत, खाणं बदलून हवंय, किंवा फक्त नोंद व्हायला हवी, यातलं एक निवडा.

आणि मोबाइल. हल्ली पहिली हालचाल कॅमेरा काढायची असते. माझा सल्ला, तिसऱ्या आणि चौथ्या प्रकाराशिवाय काढू नका, आणि काढलात तरी तो पुराव्यासाठी ठेवा, जगाला दाखवण्यासाठी नको. वीस सेकंदांच्या चित्रफितीत त्या मुलाचे आधीचे दहा तास दिसत नाहीत, आणि ती पसरली की कंपनी सगळ्यात स्वस्त उपाय करते: मुलाला काढते, वेळेची पाटी तशीच ठेवते. त्यात एखादं वाक्य खोटं किंवा फुगवलेलं निघालं तर बदनामीचं लचांड तुमच्याच गळ्यात. फोटो काढायचेच तर दारावरच्या वेळेच्या पाटीचा, बिलाचा, मिळालेल्या खाण्याचा आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काढा. माणसांपेक्षा हे चार फोटो पुढे जास्त कामाला येतात.

पैसे अडकले तर: इथे तुमची बाजू पक्की आहे

साधा नियम: वस्तू मिळेल याची तोंडी खात्री झाल्याशिवाय क्यूआर स्कॅन करू नका. तरी गोंधळ होतोच, म्हणून दोन वेगळ्या परिस्थिती वेगळ्या ठेवा.

एक, खात्यातून यूपीआयने पैसे गेले पण दुकानाच्या मशीनवर आलेच नाहीत. यात काउंटरवरच्या मुलाच्या हातात काही नसतं, त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे दुकानदाराला केलेलं असं अडकलेलं पेमेंट व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवं, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. ॲपमधला व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि तिथूनच तक्रार टाका. दुसऱ्यांदा पैसे द्यायचे तर रोख द्या.

दोन, पैसे दुकानाला मिळाले, आणि मग कळलं की फ्राइज नाहीत. इथे परतावा मागा, तिथल्या तिथे. "डे क्लोज झालंय" हे उत्तर खरं असू शकतं, पण ती त्यांची अडचण. अशा वेळी बिलावरच 'फ्राइज दिले नाहीत, १४० रुपये परत देणे' असं लिहून शिफ्ट मॅनेजरची सही आणि वेळ घ्या. सही करायला सहसा कुणी नाही म्हणत नाही, कारण त्यालाही घरी जायचं असतं. बदली वस्तू देऊ केली आणि ती तुम्हाला चालत असेल तर घ्या. नको असेल तर घेतलीच पाहिजे असं नाही.

बिल न देणं आणि दिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल किंवा सेवेचे पैसे परत न करणं, या दोन्ही गोष्टी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अनुचित व्यापारी प्रथा' म्हणून लिहिलेल्या आहेत. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. "आता मशीन बंद, बिल नाही मिळणार" असं म्हणून रोख घेणारा माणूस त्यामुळे टोमणा मारणाऱ्यापेक्षा जास्त अडचणीत आहे, आणि बहुतेकांना याची कल्पना नसते. शांतपणे सांगून पाहा. बिल निघतं.

खाणंच वाईट निघालं तर

बंदच्या वेळी ट्रेमधलं शेवटचं खाणं मिळतं, तेव्हा हे तपासाच. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे रेंगाळलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून चिकन कोमट लागलं, आत गुलाबी दिसलं, किंवा तेलाचा खवट वास आला तर 'जाऊ दे, भूक लागलीय' म्हणू नका. दुकानात असतानाच पुडा उघडा. गार फ्राइज ही चवीची तक्रार आहे. कच्चं चिकन ही आरोग्याची. दोन्हीची भेसळ केली की दोन्ही पातळ होतात.

आरोग्याची असेल तर खाण्याचा फोटो बिलासकट काढा. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक असायलाच हवा, जानेवारी २०२२ पासून ते बंधनकारक आहे. तो क्रमांक घेऊन महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या क्रमांकावर किंवा एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट'वर तक्रार करा. इथे कुणाच्या बोलण्याचा उल्लेखही नको. अन्न निरीक्षकाला त्याचं काय?

फूड कोर्टात बसला असाल तर अजून एक गंमत लक्षात ठेवा. तुमच्या पायाखालून पोछा फिरवणारे आणि तुम्ही खात असताना ट्रे उचलणारे बहुधा त्या दुकानाचे नसतात, मॉलच्या ठेकेदाराचे असतात. त्यांची तक्रार बर्गरवाल्याकडे केली की तो मान डोलावतो आणि काहीच करत नाही, कारण करण्यासारखं त्याच्याकडे नसतंच. ती मॉलच्या कार्यालयात करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी

त्या रात्री काही लिहू नका. रात्री लिहिलेल्या तक्रारीत विशेषणं जास्त आणि वेळ-तारीख कमी असते. झोपा, चहा घ्या, मग लिहा. पण आठवड्याभराच्या आत लिहा, कारण सीसीटीव्हीचं चित्रण थोडेच दिवस टिकतं, मग त्यावर नवं चढतं.

बिल नीट बघा. वर दुकानाचं झगमगीत नाव असतं, पण खाली बारीक अक्षरात दुसऱ्याच कुठल्यातरी प्रायव्हेट लिमिटेडचं नाव आणि जीएसटी क्रमांक असतो. तो खरा मालक, म्हणजे फ्रँचायझी. मेल दोघांनाही पाठवा. मुख्य कंपनीला प्रत गेलीय हे दिसलं की फ्रँचायझीवाला लवकर हलतो.

मजकूर साधारण असा:

"दि. ____, रात्री १०.४२, बिल क्र. ____. दारावर आणि आपल्या ॲपवर दुकानाची वेळ रात्री ११ अशी आहे. माझ्याकडून ४२० रुपये घेतल्यानंतर फ्राइज (१४० रुपये) मिळणार नाहीत असे सांगण्यात आले. परतावा मागितल्यावर काउंटरवरून 'उद्या या, नाहीतर राहू दे' असे उत्तर मिळाले. शिफ्ट मॅनेजरशी भेट होऊ शकली नाही. माझी मागणी: १४० रुपये परत मिळावेत, शेवटच्या ऑर्डरची वेळ दारावर आणि ॲपवर स्पष्ट लिहावी, रात्री १०.३५ ते ११ या वेळेचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे. सात दिवसांत लेखी उत्तर द्यावे. बिल आणि दारावरील पाटीचे छायाचित्र सोबत जोडले आहे."

बघा, यात 'उद्धट', 'माजलेला', 'अत्यंत निंदनीय' असा एकही शब्द नाही. त्याने जे म्हटलं ते अवतरणात आहे, तेवढं पुरतं. वाचणारा स्वतःच ठरवतो. बिलावर कॅशियरचं नाव छापलेलं असलं तर कंपनीला बिल क्रमांकावरून कळतंच. गूगलवर परीक्षण लिहिताना ते नाव घालू नका. परीक्षणात वेळ लिहा: 'साडेदहानंतर फ्राइज मिळत नाहीत, अकरापर्यंत उघडं असं समजून जाऊ नका.' याने पुढच्या माणसाची खेप वाचते, आणि एक तारा देण्यापेक्षा मालकाला हेच जास्त झोंबतं.

उत्तर आलं नाही तर

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मराठीतही बोलता येतं. व्हॉट्सॲपसाठी ८८००००१९१५. ही हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती तुमची तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवते आणि उत्तर मागते. पण मोठ्या साखळ्यांची माणसं तिथल्या तक्रारींवर नजर ठेवून असतात, त्यामुळे शंभर-दोनशे रुपयांची प्रकरणं पुष्कळदा इथेच मिटतात.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येतं. पण खरं सांगू? कुणी तिरसट बोललं एवढ्यासाठी जाऊ नका. आवाजाची पट्टी सिद्ध करणं महाकठीण, तारखांवर तारखा पडतात, आणि ती रात्र दर तारखेला पुन्हा जगावी लागते. पैसे बुडवले, बिल नाकारलं, खाण्याने आजारी पडलात, अपमानाला साक्षीदार आहेत, तर जरूर जा.

घरून मागवलं असेल तर

थोडक्यात. डिलिव्हरी ॲपवर दुकान उघडं दिसतं, तुम्ही मागवता, आणि दुकानातून फोन येतो: "सर, बंद झालंय, तुम्ही कॅन्सल करा ना." करू नका. तुम्ही रद्द केलंत तर रद्द करण्याचा भुर्दंड तुमच्यावर पडू शकतो. "तुमच्या बाजूने रिजेक्ट करा" असं सांगा आणि ॲपच्या चॅटमध्ये तसं लिहून ठेवा. आणि बाहेर ताटकळलेल्या डिलिव्हरीवाल्यावर राग काढू नका. दुकानातलं खेकसणं तुमच्या आधी त्याने खाल्लेलं असतं.

मालक हे वाचत असतील तर

गिऱ्हाइकांना इतकं शिकवल्यावर तुम्हालाही चार शब्द. दारावर एक वेळ लिहू नका, दोन लिहा: शेवटची ऑर्डर किती वाजता आणि दार किती वाजता. किऑस्क आणि ॲपवरून तळणीचे पदार्थ फ्रायर बंद होतानाच उतरवा. एवढं करायला मशीनवर दोन मिनिटं लागतात. शेवटच्या अर्ध्या तासासाठी चारच पदार्थांचा छोटा मेनू ठेवा. आणि शटर पडल्यानंतरच्या सफाईचे पैसे द्या. बोलण्याचं प्रशिक्षण नंतर.

आमच्या शिफ्ट मॅनेजरने एकदा पावांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मार्करने लिहिलं होतं: 'फ्रायर १०.३० ला बंद. बर्गर १०.५० पर्यंत. नंतर फक्त कोल्ड्रिंक आणि हसतमुख चेहरा.' तो काउंटरवर टेकवून ठेवला. गिऱ्हाइकं वाचायची, हसायची, मिळेल ते घ्यायची. त्या तीन आठवड्यांत मला एकही भांडण आठवत नाही. मग मुख्य कार्यालयातून तपासणीला एक साहेब आले. पुठ्ठा कंपनीच्या रंगसंगतीत बसत नाही म्हणून त्यांनी तो काढायला लावला, आणि दुसऱ्याच रात्री दहा पन्नासला एका काकांनी काउंटरवर मूठ आपटली.